सुट्या फोटोंपलीकडे

प्रश्न : इन्स्टाग्रामवर रस्त्यावरचे सुटे फोटो खूप दिसतात. एकाच विषयावर सलग काम करणारे आजचे छायाचित्रकार कसे शोधावेत?

उत्तर : फोटो आवडला की छायाचित्रकाराचं नाव शोधा आणि अख्खी मालिका क्रमाने पाहा, तीही मोठ्या पडद्यावर; मोबाइलवर कडेचे तपशील हरवतात. सुरुवात सुधारक ओलवे यांच्यापासून करा. मुंबईच्या सफाई कामगारांवरचं त्यांचं काम सावकाश बघायलाच हवं. मॅनहोलमध्ये उतरलेल्या माणसाचा फोटो सुटा पाहिला तर नुसता धक्का बसतो. त्याच्या घरादाराच्या फोटोंशेजारी ठेवला की आयुष्य कळतं. मग चिरोदीप चौधरींची मुंबईतल्या सार्वजनिक घड्याळांवरची मालिका पाहा. पहिल्या फेरीत फोटोंखालच्या ओळी झाका, दुसऱ्या फेरीत वाचा. मनातल्या मनात मालिकेतून एक फोटो काढून टाका. काय तुटलं ते लिहून ठेवा.