पन्नास गुण आले, म्हणजे मधुमेह नाही का?

आपण पत्रात लिहिता की आपले थोरले बंधू ४२ वर्षांचे, नोकरी बैठी, वडिलांना मधुमेह. भारतीय मधुमेह जोखीम गुणांकनात त्यांना ५० गुण मिळाले, सोसायटीच्या शिबिरात दुपारी ग्लुकोमीटरवर साखर १३८ आली आणि म्हणून पुढील तपासणी नको असे ते म्हणतात. माझ्या मते चूक गुण मोजण्यापासूनच झाली आहे.

हे गुणांकन चेन्नईचे डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केले. त्यात वय, कंबर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह एवढेच पाहिले जाते. कमाल गुण १०० असून ६० पासून पुढे जोखीम अधिक मानतात. वयाचे २० आणि वडिलांमुळे १० आपण बरोबर धरले आहेत. कंबरेला मात्र शून्य दिले, कारण पँटचे माप ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटीमीटर. परंतु पँट पोटाच्या खाली बसते! शिबिरांत टेप धरण्याचे काम मी बरेच केले आहे आणि पँटचा आकडा सांगणारे गृहस्थ हमखास भेटतात. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता टेप धरावी. पुरुषांत ९० ते ९९ सेंटीमीटरला १० गुण आणि १०० पासून २०. स्त्रियांसाठी या सीमा १० सेंटीमीटरने कमी आहेत. बंधूंचे वजन बेताचे आहे, या मुद्द्यानेही निश्चिंत होऊ नये; हातपाय सडपातळ आणि चरबी पोटात, ही आपल्याकडील शरीराची ठेवण पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार पूर्वीच दाखवून दिली आहे.

हालचालीचे २० गुण नियमित व्यायाम करणाऱ्यास मिळतात. आपण बंधूंच्या रविवारच्या फिरण्याला ते २० दिले; पण ते फिरणे त्यात बसत नाही, तेथे ३० धरावेत. कंबर खरोखर नव्वदीपुढे निघाली, तर बेरीज ७० होते.

दुसरे असे की, मूळ अभ्यासात ६० ही सीमा धरूनही निदान न झालेल्या मधुमेहींपैकी ७२.५ टक्केच ओळखले गेले. म्हणजे चारांतील एक निसटला. त्यामुळे कमी गुण आले तरी वारंवार लघवी, अतिशय तहान किंवा अकारण वजन घटणे असल्यास गुण बाजूला ठेवून रक्त तपासावे. दुपारच्या १३८ वरून निष्कर्ष काढता येत नाही.

बंधूंनी आठ तास उपाशी राहून प्रयोगशाळेत शिरेतील रक्त द्यावे आणि शक्यतो ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन दोन तासांनी पुन्हा द्यावे. उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० वा त्याहून अधिक आल्यास मधुमेह. लक्षणे नसतील तर दुसऱ्या तपासणीने खात्री करतात. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा दोन तासांनी १४० ते १९९ हा मधुमेहपूर्व टप्पा. केवळ एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) करायचे असल्यास रक्तक्षय किंवा सिकलसेल असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे, कारण तेव्हा तो आकडा फसवा येऊ शकतो.