घरच्या इंटरनेटसाठी वेगवान आणि सुरक्षित डीएनएस कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की घरी कुठलीही साइट उघडताना सुरुवातीलाच दोन-तीन सेकंद अडकतं आणि मग पान भराभर येतं. हे लक्षण डीएनएसचं असू शकतं. साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणं एवढंच डीएनएसचं काम. पत्ता मिळाला की ते बाजूला होतं. म्हणून व्हिडिओ मध्येच थांबत असेल किंवा डाउनलोड रेंगाळत असेल, तर डीएनएस बदलून सहसा हाती काही लागणार नाही. तुमच्या बाबतीत मात्र बदलून बघाच.

वेगासाठी कुणाच्या यादीवर विसंबू नका. मोठ्या डीएनएस सेवांचे सर्व्हर एकाच आकड्याखाली (म्हणजे सेटिंगमध्ये टाकायच्या एकाच पत्त्याखाली) जगभर पसरलेले असतात आणि तुमची विचारणा त्यातल्या कुठल्या सर्व्हरकडे जाईल, हे तुम्हाला इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या जोडण्यांवर ठरतं. शेजाऱ्याकडे पहिली आलेली सेवा तुमच्याकडे तिसरी येऊ शकते. मॅक किंवा लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये ‘डिग’ (dig) कमांड द्या, पुढे ॲट चिन्ह लावून ९.९.९.९ (हा क्वाडनाइन या डीएनएस सेवेचा आकडा) आणि मग एखाद्या साइटचं नाव. उत्तराच्या तळाशी ‘क्वेरी टाइम’ दिसतो. माझ्याकडे पहिल्यांदा ६२ मिलिसेकंद आले, लगेच तीच कमांड पुन्हा दिली तर ८. दुसऱ्या वेळी उत्तर सर्व्हरच्या साठ्यात तयार होतं, म्हणून. एकाच आकड्यावर निकाल लावायचा नाही. आठ-दहा वेगवेगळ्या साइट घ्या, आणि संध्याकाळी लाइनवर गर्दी असताना मोजा. विंडोजवर ‘डीएनएस बेंचमार्क’ नावाचा छोटा प्रोग्राम हेच काम करतो.

मोजल्यावर बहुतेक वेळा कळतं की चांगल्या दोन सेवांत पाच-दहा मिलिसेकंदांचाच फरक आहे. तो माणसाला जाणवत नाही. म्हणून मी निवड केली ती सुरक्षिततेवर. घरी क्वाडनाइन वापरतो, म्हणजे ९.९.९.९ आणि जोडीला १४९.११२.११२.११२. ही ना-नफा संस्था आहे, २०१७ साली सुरू झाली, आता स्वित्झर्लंडमधून चालते. फसवणुकीच्या आणि व्हायरस पसरवणाऱ्या ज्ञात साइटचा पत्ता ती देतच नाही. घरात सगळेच लिंक तपासून उघडत नाहीत, तेव्हा ही आडकाठी मला फार मोलाची वाटते. व्हिडिओ लांबच्या सर्व्हरवरून येतोय असं वाटलं तर त्यांचाच ९.९.९.११ लावून बघा. त्यात तुमच्या आयपीचा, म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या पत्त्याचा, काही भाग पुढे कळवला जातो, त्यामुळे जवळचा सर्व्हर मिळायला मदत होते. थोडी गोपनीयता द्यावी लागते, हे लक्षात ठेवा.

क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ अनेक ठिकाणी सर्वांत चपळ निघतो, पण तो काही अडवत नाही. घातक साइट अडवायच्या तर १.१.१.२, आणि लहान मुलांसाठी प्रौढ साइटही नकोत तर १.१.१.३. गूगलचा ८.८.८.८ भक्कम आहे, २००९ पासून चालू आहे. पण ज्या कंपनीकडे माझी इतकी माहिती आहे, तिला मी उघडलेल्या साइटची यादीही द्यावी असं मला वाटत नाही.

आता एक चूक सांगतो, मी स्वतः केलेली. राउटरमध्ये पहिला डीएनएस ९.९.९.९ आणि दुसरा ८.८.८.८ टाकला होता. दुसरा फक्त अडीअडचणीला, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात उपकरणं दोन्हीकडे मनाला येईल तसं विचारतात, आणि एकाने अडवलेली साइट दुसऱ्याच्या उत्तरावर उघडते. दोन्ही जागी एकाच सेवेचे आकडे टाका. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर तिथलेही बदला, नाहीतर अर्धी विचारणा जुन्याच सर्व्हरकडे जात राहते.

शिवाय नुसता आकडा बदलल्याने विचारणा झाकली जात नाही. ती उघडीच जाते, वाटेत कुणीही वाचू शकतं, बदलूही शकतं. राउटरमध्ये ‘डीएनएस ओव्हर टीएलएस’ किंवा ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ ही विचारणा झाकून पाठवण्याची सोय असेल तर चालू करा. नसेल तर अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे; तिथे आकडा चालत नाही, नाव लागतं: डीएनएस डॉट क्वाडनाइन डॉट नेट (dns.quad9.net). बाहेरच्या वाय-फायचं लॉगिन पान उघडलं नाही तर तेवढ्यापुरतं हे बंद करा. एवढं करूनही तुम्ही कुठल्या आयपीशी जोडले गेलात हे इंटरनेट कंपनीला दिसतंच. त्याला डीएनएसचा इलाज नाही.

राउटरच्या ज्या पानावर डीएनएसचे आकडे असतात, त्याचा आधी फोटो काढून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर जुने आकडे परत टाकता येतील. बदलल्यावर राउटर आणि फोन दोन्ही बंद करून चालू करा, आणि ब्राउझरमध्ये ऑन डॉट क्वाडनाइन डॉट नेट (on.quad9.net) उघडा. ‘येस’ आलं तर विचारणा खरोखर तिकडे जाते आहे. ‘नो’ आलं तर आधी आयपीव्ही६ चे आकडे बघा, मग ब्राउझरची स्वतःची डीएनएस सेटिंग.