काठमांडूहून भक्तपूरचं जुनं शहर एका दिवसात नीट बघून होतं का?

होतं, पण दुपारी पोहोचून नाही. काठमांडूपासून अंतर जेमतेम १३ किमी असलं तरी वाटेत गर्दी लागते. सकाळी सातपर्यंत आत असाल तर मल्ल राजांची ही जुनी राजधानी जागी होताना दिसते. भारतीयांना सार्क दराने, म्हणजे दक्षिण आशियाई देशांसाठीच्या सवलतीच्या दराने, प्रवेश मिळतो, त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवा. तिकीट जपून ठेवा, आत पुन्हा विचारतात.

बहुतेक जण दरबार चौकात ५५ खिडक्यांचा राजवाडा बघून परततात, ही मोठी चूक. तिथून पायी टौमढी चौकात या. न्यातपोल हे १७०२ सालचं पाच छपरांचं मंदिर २०१५च्या भूकंपातही उभं राहिलं. पायऱ्यांवर खालून वर पहिलवान, हत्ती, सिंह, शार्दूल (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) आणि देवता अशा मूर्तींच्या जोड्या आहेत. प्रत्येक जोडी खालच्या जोडीपेक्षा दहापट बलवान, असं मानतात. गाभारा फक्त पुजाऱ्यांसाठी उघडतो. पायऱ्या उंच आहेत, उतरताना सांभाळा.

पुढे दत्तात्रय चौक. पुजारी मठाची मोरखिडकी, म्हणजे मोर कोरलेली लाकडी खिडकी, बाजूच्या अरुंद गल्लीत आहे, मान वर केली नाही तर हुकतेच. मातीच्या वाडग्यात लावलेलं जुजू धौ, म्हणजे इथलं घट्ट गोडसर दही, नक्की खा.