ग्रॅनाइट कापताना : धूळ, पाणी आणि वीज

प्रश्न : ओट्यासाठी आणि पायऱ्यांसाठी दगड कापून देण्याचा आमचा छोटा कारखाना आहे. ग्रॅनाइट, कडप्पा, कोटा हे सर्व दगड चार इंची हातकटरने कोरडेच कापले जातात, कारण पाणी वापरल्यास शॉक बसेल अशी कामगारांना भीती वाटते. पावसाळ्यात झड आत येऊ नये म्हणून पडदे सोडावे लागतात आणि शेड धुळीने भरते. दोघा कामगारांना बरेच दिवस खोकला आहे. शिवाय सिंकसाठी कापलेले कोपरे वारंवार तडकतात. काय करावे?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : कोपऱ्यांचे नंतर पाहू, आधी धूळ. कपड्यांवर बसलेली जी पांढरी पूड आपणांस दिसते, तिच्याहून घातक असते ती न दिसणारी, 10 मायक्रॉनपेक्षाही बारीक धूळ, कारण ती कटर थांबल्यावरही हवेत तरंगत राहते आणि श्वासाबरोबर फुफ्फुसांत खोलवर जाते. दगडातील क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकरूप सिलिका. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा रोग बरा करणारे औषध नाही, आणि तो झालेल्या माणसाला क्षयाचा धोकाही वाढतो. कडप्पा व कोटा हे चुनखडीचे दगड असल्याने त्यांत सिलिका तुलनेने कमी असते, पण खऱ्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झचे प्रमाण बहुधा 20 टक्क्यांच्या वर असते. हल्ली ओट्यासाठी मागितल्या जाणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये तर ते 90 टक्क्यांच्याही पुढे जाऊ शकते. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा दगडावर बंदी घातली. तो कोरडा कापण्याचे काम आपण स्वीकारूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोंडाला बांधलेला गमछा ही धूळ अडवत नाही. एन-95 मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी पडतो, आणि दाढी असल्यास कडेने हवा आत शिरते. धूळ उडू न देणे हाच खरा उपाय आहे व त्यासाठी ब्लेडवर, जेथे ती दगडात शिरते तेथेच, पाण्याची अखंड धार हवी. मास्क त्याच्या जोडीला वापरावा. पाण्यामुळे ब्लेड थंड राहून जास्त दिवस टिकते, हा फायदा वेगळाच.

शॉकची भीती मात्र रास्त आहे. साध्या हातकटरवर बाटलीने पाणी ओतणे धोक्याचेच. पाण्याची नळी जोडलेला, ओल्या कापणीसाठी बनवलेला कटर किंवा टेबल कटर घ्यावा, त्याच्या सर्किटवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावी आणि तिचे टेस्ट बटण नियमितपणे दाबून पाहावे. आपल्याकडील खाऱ्या, दमट हवेत अर्थिंगचे जोड लवकर गंजतात. म्हणून मृगापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेणे आवश्यक आहे. वायर जमिनीवरच्या पाण्यात लोळू देऊ नये, आणि मध्येच तुटून जोड दिलेल्या वायरी तर वापरूच नयेत. मोठे ब्लेड बसवण्यासाठी गार्ड काढण्याची सवय अनेक कारागिरांना असते, ती मोडावी लागेल. ब्लेडवर छापलेली आरपीएमची (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची) कमाल मर्यादा कटरच्या वेगापेक्षा कमी असता कामा नये.

आता कोपरे. काटकोनात दोन काप एकमेकांना भेटले की दगडाचा सारा ताण त्या टोकाशी एकवटतो, आणि काप कोपऱ्याच्या पुढे गेलेला असेल तर तडा तेथूनच सुरू होतो. म्हणून प्रथम चारही कोपऱ्यांत डायमंड कोअर बिटने (दगडाला गोल भोक पाडणाऱ्या पोकळ बिटने) गोल भोके पाडावीत आणि मग एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत कापावे. पहिला हात दोन-तीन मिलिमीटर खोलीचाच घ्यावा, म्हणजे पॉलिशची कड झडत नाही. मधला तुकडा खालून आधार देऊन ठेवावा. शेवटच्या क्षणी तो स्वतःच्या वजनाने लटकला की कोपरा घेऊनच खाली पडतो.

खोकणाऱ्या दोघांना ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पाठवून छातीचा एक्स-रे काढून घ्यावा आणि ते दगड कापण्याचे काम किती वर्षे करतात हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण ते सांगितले नाही तर सिलिकोसिस सहज क्षय समजला जाऊ शकतो. शेड कोरडी झाडू नये, आणि कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकणे तर आजच बंद करावे. ओला गाळ वाळला की त्याची पुन्हा तीच धूळ होते. तो व्हाळात न सोडता टाकीत बसू द्यावा आणि ओला असतानाच गोणीत भरावा.