आमांशाच्या जंतूंवर आयुष्य काढायचं का?

सांगलीहून एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय. बीएस्सी सूक्ष्मजीवशास्त्र, दुसरं वर्ष. 'जिआर्डियात तंतुकणिकेच्या जागी मायटोसोम असतो' एवढी एक ओळ बाईंनी वर्गात सांगितली आणि ती तिच्या डोक्यातून जाईना. जिआर्डिया म्हणजे जुलाब लावणारा एकपेशीय परजीवी. तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, हे पेशीला ऊर्जा पुरवणारं अंगक, पेशीतला जणू छोटा अवयव. आणि मायटोसोम हा तिचाच आक्रसलेला अवशेष. यातच संशोधन करावं असं तिला वाटतं. बाबा म्हणतात, डीएमएलटी, म्हणजे पॅथॉलॉजी लॅबमधल्या तंत्रज्ञाची पदविका कर, आमांशाच्या जंतूंवर कुणी आयुष्य काढतं का?

बाळा, काढतात. आणि ती एक ओळ वर्गात यायलाही बरीच वर्षं गेली आहेत.

जिआर्डियाला मुळात तंतुकणिका नव्हतीच, तो तिच्या आधीच्या काळातला जीव, असं फार दिवस मानलं जाई. 1999 मध्ये आमांशाच्या अमीबात, म्हणजे एन्टअमीबात, तिचा आक्रसलेला अवशेष सापडला. 2003 मध्ये जिआर्डियातही सापडला. तो शोधून दिला प्रथिनांनी. पेशीतल्या अनेक प्रथिनांना कामासाठी लोह आणि गंधकाच्या अणूंचे छोटे पुंजके लागतात. ते पुंजके जुळवणारी इस्क-एस आणि इस्क-यू ही दोन प्रथिनं पेशीत नेमकी कुठे बसतात ते पाहिलं, तर दुहेरी पडद्याच्या इवल्याशा कणांत. ऊर्जा तयार करणं बंद, स्वतःचा डीएनए गेलेला, तरी हे एक काम शाबूत. डीएनएच नाही म्हटल्यावर तिथलं प्रत्येक प्रथिन केंद्रकातल्या जनुकांवरून बाहेर बनतं आणि मग आत ओढून घेतलं जातं.

मला स्वतःला याहून थक्क करते ती पुढची गोष्ट. एन्टअमीबाच्या मायटोसोममध्ये मुख्य काम उरलंय ते सल्फेट सक्रिय करण्याचं. ट्रायकोमोनास या आणखी एका परजीवीत तंतुकणिकेचाच हायड्रोजेनोसोम झाला, तो हायड्रोजन वायू सोडतो. मेट्रोनिडाझोल ही या जंतूंवरची गोळी तिथल्याच प्रथिनांकडून इलेक्ट्रॉन घेऊन विषारी होते आणि जंतूला मारते. मूळ एकच, पण प्रत्येकाने राखलं वेगळं. म्हणजे हा विषय औषधांपर्यंत पोचतो, हे बाबांना जरूर सांग.

बाबांची काळजी मात्र खरी आहे, ती झटकून टाकू नकोस. या वाटेवर एमएस्सीची दोन वर्षं आणि पीएचडीची साधारण पाच-सहा वर्षं जातात. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो, म्हणजे पीएचडी करताना घरून पैसे मागावे लागत नाहीत. पण त्यानंतर कायम नोकरी ठरलेली नसते, हे आजच घरात बोलून ठेवा. एमएस्सीसाठी जॅम, गॅट-बी आणि सीयूईटी-पीजी या तिन्ही प्रवेश परीक्षांची माहिती या वर्षीच काढ, तिसऱ्या वर्षावर ढकलू नकोस.

आणि एक आग्रहाने सांगते: मायटोसोमचाच हट्ट धरू नकोस. त्यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा जगातच थोड्या. प्रागचं चार्ल्स विद्यापीठ त्यातलं मोठं नाव. आपल्याकडे एन्टअमीबावर दिल्लीच्या जेएनयूत दीर्घकाळ काम झालंय, कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये जिआर्डियावर झालंय. पुण्यात एनसीसीएस या पेशी विज्ञानाच्या राष्ट्रीय केंद्रात लीशमानिया या आणखी एका परजीवीवर काम झालंय. परजीवी कुठलाही असो, क्लोनिंग (हव्या त्या जनुकाच्या प्रती काढणं), प्रथिनं वेगळी काढणं आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची जागा ठरवणं हे हातात बसलं, की पुढे अंगक निवडता येतं. तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून उन्हाळी फेलोशिप असते. तिच्या सूचना नीट वाचून अर्ज भर.

संगणकाला भिऊ नकोस. मायटोसोममधली प्रथिनं इतकी बदलली आहेत की काही तर नेहमीच्या तुलनेत ओळखूच येत नाहीत, ती जास्त संवेदनशील गणिती पद्धतींनी हुडकावी लागतात. याची सुरुवात घरबसल्या आणि फुकट होते. या सुट्टीत युनिप्रोट या प्रथिनांच्या मोफत संकेतस्थळावरून माणसाचं इस्क-यू आणि जिआर्डियाचं इस्क-यू, दोन्हींचे अमिनो आम्लांचे क्रम उतरवून घे आणि एकाखाली एक लाव. बाबांनाही शेजारी बसव. सिस्टीन, म्हणजे गंधक असलेलं अमिनो आम्ल, कुठे कुठे जुळतं ते दोघांनी मिळून शोधा आणि मला लिहून कळवा.