पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मैफलीत एकलवादक बदलला की कॉन्सर्टोही (एक मुख्य वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) का बदलतात? तिकीट परत करावं का?

कारण ऐनवेळी येणारा वादक हातात पक्का बसलेला कॉन्सर्टोच वाजवू शकतो. वीस ते चाळीस मिनिटांची रचना, तीही बहुधा पाठ. दोन दिवसांत नवी बसत नाही. शिवाय वाद्यवृंदाची तालीमही तेवढीच उरलेली असते. सिंफनी ही सबंध वाद्यवृंदाची रचना, तिला एकलवादक लागत नाही, म्हणून ती सहसा तशीच राहते.

जानेवारी १९६३ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर वाजवणारे पियानोवादक ग्लेन गूल्ड आजारी पडले. वाद्यवृंदाचे संचालक लेनर्ड बर्नस्टाइन यांनी १६ वर्षांच्या पियानोवादक आंद्रे वॉट्सला बोलावलं. संगीतकार फ्रांझ लिस्टचा पहिला पियानो कॉन्सर्टो त्याने थोड्याच दिवसांपूर्वी याच वाद्यवृंदाच्या तरुणांसाठीच्या कार्यक्रमात वाजवला होता, तोच ठेवला. त्या संध्याकाळने वॉट्सचं आयुष्य बदललं. मला सर्वांत भावतं ते पुढचं: १९९९ मध्ये शिकागोजवळच्या रॅव्हिनिया महोत्सवात वॉट्सच आजारी पडले आणि त्यांच्या जागी १७ वर्षांचा चिनी पियानोवादक लांग लांग संगीतकार चायकोव्स्कीचा पहिला पियानो कॉन्सर्टो वाजवायला बसला. त्याचंही नाव तिथूनच जगभर झालं.

तिकीट परत करू नका. नवा कॉन्सर्टो आधी एकदा घरी ऐका आणि जा.