ठराव झाला म्हणजे हुकूम सुटला का?

प्रश्न : समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देणारा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फिरवावा, असा ठराव सदर्न बॅप्टिस्ट अधिवेशनाने (बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथातल्या चर्चांची संघटना; तिच्या वार्षिक सभेलाही अधिवेशनच म्हणतात) २०२५ मध्ये डॅलसला केला. तो अमेरिकेतल्या त्यांच्या प्रत्येक चर्चला पाळावा लागतो का?

उत्तर : नाही. बॅप्टिस्ट मंडळी, म्हणजे एकेक स्थानिक चर्च, स्वायत्त असते, तिच्यावर बिशप नसतो. ठराव हे फक्त त्या वर्षी सभागृहात हजर असलेल्या प्रतिनिधींचं मत. प्रत्येक मंडळीला दोन प्रतिनिधी मिळतात आणि वर्गणीच्या प्रमाणात आणखी दहापर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त बारा.

मसुदा अधिवेशनाच्या किमान १५ दिवस आधी ठराव समितीकडे द्यावा लागतो. ही समिती अध्यक्ष नेमतात. ती भाषा बदलते, दोन मसुदे एकत्र करते किंवा मसुदा बाजूला ठेवते. बाजूला ठेवलेला मसुदा चर्चेला आणायचा तर सभागृहाचं दोन तृतीयांश मत लागतं, आणि बरेच मसुदे तिथेच अडतात. २००४ मध्ये इंडियानापोलिसला ‘मुलांना सरकारी शाळांतून काढून घ्या’ असा मसुदा आला होता. समितीने तो पुढे आणलाच नाही. त्या शाळांत शिकवणारे अनेक शिक्षक बॅप्टिस्टच आहेत, हे विसरून चालणार नाही.

ठराव कायमचाही नसतो. १९७१ मध्ये सेंट लुईसला बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग किंवा आईच्या आरोग्याला धोका अशा कारणांसाठी गर्भपाताची मुभा असावी, असं मत नोंदवलं गेलं. २००३ मध्ये त्याबद्दल खेद व्यक्त झाला. गुलामगिरीच्या वादातून १८४५ मध्ये जन्मलेल्या या संस्थेने त्याबद्दल माफी मागितली ती १९९५ मध्ये. एवढा उशीर कुठल्याही कार्यपद्धतीच्या नावावर खपवता येणार नाही.

खरी धार असते ती सदस्यत्वात आणि संस्थेच्या घटनेत. स्त्री पाळक (चर्चच्या धर्मगुरू) नेमल्यामुळे कॅलिफोर्नियाच्या सॅडलबॅक चर्चचं सदस्यत्व २०२३ मध्ये गेलं. तरी त्या चर्चची इमारत, पैसा, उपासना यांना अधिवेशन हात लावू शकलं नाही. घटनादुरुस्तीला लागोपाठ दोन अधिवेशनांत दोन तृतीयांश मतं लागतात. स्त्री पाळकांविरुद्धची दुरुस्ती २०२३ मध्ये मंजूर झाली, २०२४ मध्ये मात्र सुमारे ६१ टक्क्यांवर अडली.

प्रश्न : सरकारी शाळांत प्रार्थना आणि बायबल हवं, ही बॅप्टिस्टांची जुनीच मागणी आहे का?

उत्तर : जुनी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये शाळेने ठरवून दिलेली प्रार्थना आणि १९६३ मध्ये शाळेतलं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. तरी १९६४ च्या अधिवेशनाने राज्यघटनेतलं धर्मस्वातंत्र्याचं कलम आहे तसंच ठेवा, असं सांगितलं. शाळेतल्या ऐच्छिक प्रार्थनेसाठी देशाच्या राज्यघटनेत दुरुस्ती करण्याला अधिवेशनाचा पाठिंबा मिळाला तो १९८२ मध्ये, संस्थेची सूत्रं पुराणमतवादी गटाकडे जाऊ लागल्यावर. आमच्या मते १९६४ ची भूमिकाच बॅप्टिस्ट परंपरेशी इमान राखणारी होती : श्रद्धेचं शिक्षण घरी आणि संडे स्कूलमध्ये (चर्चच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात) द्यावं, त्यासाठी सरकारी शिक्षकाला कामाला लावू नये.